कोरडे दिसणारे छत

यंदाही आश्लेषा नक्षत्रात झड लागली. पावसाच्या सगळ्या प्रकारांत झड ही सर्वांत सभ्य दिसणारी आणि म्हणूनच सर्वांत लबाड. ती गरजत नाही, कोसळत नाही. चार-चार, आठ-आठ दिवस ती नुसती असते. अंगणात शेवाळ धरते, दोरीवरचे धोतर तिसऱ्या दिवशीही ओलेच लागते, आणि घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यात एक दमट कंटाळा उतरतो. अशा दिवसांत मी माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहत नाही, त्यांच्या डोक्यावर पाहतो. कोणाच्याही घरी गेलो तरी चहाचा कप हातात येण्याआधी माझी नजर छताच्या चारही कोपऱ्यांतून फिरून आलेली असते. साठहून अधिक वर्षांची ही सवय आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात वर्ध्याला विमलकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, गेलो होतो. तिचे स्लॅबचे घर आहे. बैठकीच्या खोलीत पंख्यापासून हातभर अंतरावर छताला एक पिवळसर वर्तुळ उमटले होते. मध्ये फिकट, कडेला गडद. घरात रंगारी आलेला होता. तो म्हणाला, "काकाजी, पुट्टीचे दोन हात मारून देतो. दिसनारबी नाई."

"दिसणार नाही म्हणूनच मारू नकोस," मी म्हणालो.

मी पेन्सिल मागवली आणि नातवाला स्टुलावर चढवून त्या डागाच्या कडेकडेने रेघ ओढायला लावली. चार दिवसांत ओल रेघेबाहेर गेली, तर पाणी अजून येते आहे. रेघेतच राहिली, तर ते थांबले आहे. मग गच्चीवर जाऊन पाणी निघण्याचे भोक कडुलिंबाच्या पाल्याने बुजले आहे का पाहायचे, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात चीर आहे का पाहायचे. पाणी जिथे शिरते तिथेच खाली उतरते, असे समजणारा माणूस आयुष्यभर चुकीच्या जागी सिमेंट भरत राहतो. हे सारे सांगून झाल्यावर मी हातातली काठी उचलली. पोपडा सुटला असेल तर ठोकल्यावर पोकळ वाजतो. तेवढे पाहायचे होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून विमल ओरडली, "मामाजी, काठी नका लावू बाप्पा! तुमची काठी लागली का छत पडते!"

सगळे हसले. ज्याला काहीच ठाऊक नव्हते तो रंगारीही हसला. मी काठी खाली घेतली.

विमलला मी दोष देत नाही. ज्या दिवशीचे ती बोलते, त्या दिवशी ती नऊ दिवसांची होती. तिने ऐकले ते इतरांकडून, आणि त्या इतरांतला कोणीही त्या वेळी त्या खोलीत वर पाहत नव्हता. आरोप असा आहे की, माझी धाकटी बहीण शांता बाळंतिणीच्या खाटेवर असताना मी छताला बांबू खुपसला आणि छत पाडले; त्यात तिचा डावा पाय अधू झाला. माझे म्हणणे असे आहे की, छत पडतच होते, मी ते धरले होते. वाद एवढाच आहे. त्यात चेष्टेसारखे काय आहे, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरचा तो पहिला पावसाळा. शाळेच्या फळ्यावर राज्याचे नाव बदलून लिहिताना खडू माझ्याच हातात होता. आर्वीपासून चार कोसांवर आमचे गाव. आम्ही वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून आर्वीच्या बाजारात नेणारी माणसे. त्यांतला मी पहिला मास्तर झालेला. वडील आधीच्याच वर्षी वारले होते. चोविसाव्या वर्षी घराचा कर्ता झालेला माणूस स्वतःला किती शहाणा समजतो, हे त्या वयातून गेलेल्यांना सांगायला नको.

घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे. एका ओळीत तीन खोल्या, पुढे ओसरी. त्यांतल्या मधल्या खोलीला छत होते: सागाच्या पाच आडव्या दांड्या, त्यांवर बांबूच्या कमट्या, आणि कमट्यांवर वीतभर मातीचा थर. हे छत आणि वरची कवेलू यांच्यामध्ये बसून फिरण्याइतकी जागा होती. तिला आम्ही माळा म्हणत असू. माळ्यावर चढण्याचे चौकोनी भोक मधल्या खोलीतच होते. दुसरीकडून वर जाण्याची सोय नव्हती. ज्यांना माझ्याविषयी मत बनवायचे असेल, त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कवेलूंचे घर दर उन्हाळ्यात फेरावे लागते. सगळी कवेलू उतरवायची, त्यांतला पालापाचोळा, खारींची घरटी, वाऱ्याने आलेली माती झाडायची, फुटकी वेगळी काढायची आणि पुन्हा एकावर एक बसवायची. आमच्या गावात हे काम लहानूचे. वयाने तो वडिलांच्या बरोबरीचा. छपरावर तो असा चालायचा, की खाली बसलेल्याला मांजर फिरते आहे असे वाटावे. त्याच्या हाताला मी कधी नाव ठेवले नाही. त्याच्या जिभेचा प्रश्न वेगळा आहे.

त्या वर्षी फेरणी संपवून तो खाली उतरला, अंगणातल्या चिंचेकडे पाहत टाचा झाडल्या आणि म्हणाला, "मास्तर, चिचीवरचे वानरं बम माजले यंदा. म्या आज बसवून देल्लं. उद्या त्याईनं उड्या मारल्या तं मले नावं नको ठेवजो."

"तुमाले कोन नावं ठेवते, लहानूभाऊ?"

"ठेवतेत. गाव ठेवते. पन एक आयकून ठेव. माळा रिकामा ठेवजो. वर पानी आलं तं खाली थेंब दिसला पाह्यजे. माळा भरला का घर मुकं होते."

मी ऐकले होते. लहानू पुढे गावभर सांगत असे, की मी सांगितलेच नव्हते असे मास्तर म्हणतो. हे खोटे आहे. मी असे कधीही म्हटलेले नाही. त्याने सांगितले, मी ऐकले, आणि पंधरा दिवसांनी मी सरकीची चार पोती माळ्यावर चढवली.

त्यामागे विचार होता. सरकी म्हणजे कापसातून रुई काढल्यावर उरणारे बी. आमच्याकडे बैलांचा खुराक. ती दरवर्षी शेवटच्या खोलीत ठेवत असू, आणि आदल्या वर्षी ती खोली गळून दोन पोत्यांना बुरशी लागली होती. घरात सर्वांत निर्धोक छप्पर मधल्या खोलीचे. तिथे कधीही थेंब पडला नव्हता. तेव्हा जी वस्तू सर्वांत जपायची, ती सर्वांत चांगल्या छपराखाली ठेवली. यातली चूक मला त्या वेळी कोणी दाखवली असती, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. सरकीच्या अंगावर बारीक लव असते. ती पाणी पिते, पुष्कळ पिते, आणि पीत असताना एक थेंबही खाली सोडत नाही. ज्या छपरावर आपला विश्वास सर्वांत अधिक, नेमके त्याच्याच खाली आपण ती आणून ठेवतो. हे आता मला इतके स्वच्छ दिसते, की फळ्यावर आकृती काढून शिकवता येईल.

शांता ज्येष्ठात माहेरी आली. समुद्रपूरकडे दिलेली. आधीची दोन्ही बाळे तिच्या हाताला लागली नव्हती. एक जन्मतःच गेले, दुसरे सहाव्या दिवशी. या खेपेला तिला मधल्या खोलीत ठेवायचे, हे ती येण्याआधीच मायने ठरवले होते. गाडीतून उतरताना ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "दादा, या खेपी काही झालं तं म्या तिकडं वापसच जात नाई बरं. तुह्या शायेतच बसन पोरायसंगं." मीही हसलो. ती थट्टा नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

झड लागली त्याच दिवशी विमल जन्मली. मधल्या खोलीचे दार बंद झाले. एकुलती खिडकी पोते कोंबून बुजवली गेली, खाटेखाली शेगडी ठेवली गेली, ओव्याची आणि शेपांची धुरी सुरू झाली. बारा दिवस आत पुरुषाने पाऊल टाकायचे नाही. हा नियम सर्वांच्याच घरी होता, पण आमच्या घरी त्याला दोन गेलेल्या बाळांचे वजन होते. वाऱ्याची झुळूक नको, परक्याची सावली नको, बाळंतिणीला जागेवरून हलवणे नको. माय आणि गावची दाई, एवढ्या दोघीच आतबाहेर करीत.

मी ओसरीत खाट टाकून बसलेला असे. शाळेला झडीची सुट्टी होती. ज्याच्या जिवावर हे घर उभे होते, त्यालाच या घराची एक खोली बंद झाली होती. बाळाचे रडणे ऐकू आले की बरे वाटे, थांबले की मी उठून दाराशी जाऊन उभा राही. तिसऱ्या दिवशी शेवटची खोली गळू लागली. चौथ्या दिवशी पहिली खोलीही. जागोजागी घमेली, परात, तांब्या मांडून झाले. मी दारातून विचारले, "माय, आत कसं हाये?"

"चांगलं हाये."

"छताकडं पाय बरं. कुठं ओल दिसते का?"

"काय दिसन रे? धुरानं कायं झालं सारं."

"थेंब?"

"एक थेंब नाई. तुह्या शायेपरीस कोरडं हाये. जा, लाकडं फोडून आन."

सारे घर गळत होते आणि मधली खोली कोरडी होती. आयाबाया येऊन दारातूनच कौतुक करून जात. पोरगी नशिबाची आहे म्हणत. मलाही ते गोड वाटले. गळणाऱ्या घरातल्या एका कोरड्या खोलीचा संशय घ्यावा, हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही सुचले नाही. आज कोणी मला अभिमानाने सांगतो की आमचे छत कधी गळलेच नाही, तेव्हा मी विचारतो, वर काय ठेवले आहे? लोक रागावतात.

आठव्या दिवशी सकाळी ओसरीच्या टोकाशी, जिथे भिंत आणि छपराच्या मध्ये बोटभर फट होती, तिथे मला एक वास आला. आंबूस, कोमट. बैलांच्या गव्हाणीत भिजवलेली सरकी दुसऱ्या दिवशी उरली की येतो तो. आत बसलेल्यांना तो कळणे शक्य नव्हते. तिथे ओवा होता, शेपा होत्या, तेल होते, धूर होता. जी गोष्ट डोळ्यांनी दिसायची ती काजळीने झाकली होती, जी नाकाने कळायची ती धुरीने. आणि ज्याला कळली, तो दाराबाहेर होता.

मी मायला सांगितले. पोती भिजली आहेत, माळा जड झाला आहे, शांतीला बाहेर काढू. मायने माझ्याकडे पाहिले. दोन नातवंडे गमावलेल्या बाईची ती नजर होती. "कुठं काढतं?" ती म्हणाली. "हिकडं गयते, तिकडं गयते. आठ दिवसाची पोरगी पावसात नेतं? वास आला म्हनून? डबा झाला म्हंजे तू आनशीन का तिले वापस?" तान्ह्या मुलांचा छातीचा आजार, त्याला आमच्याकडे डबा म्हणतात. शांताचे दुसरे बाळ त्यानेच गेले होते.

मायच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. माझ्याही बोलण्यात नव्हते.

मग मी लहानूला बोलावले. तो डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला, वास घेतला, मान हलवली. "म्या ओल्या कवेलूवर चढत नाई, मास्तर. एक फुटकं शोधता शोधता दहा फोडन."

"मंग म्या चढतो."

"चढ. तुहं घर हाये."

मी चढलो. याही बाबतीत लोक सांगतात, की मास्तरने छपरावर नाचून कवेलूंचा भुगा केला. माझ्या पायाखाली दोन कवेलू फुटली. दोन. मी ती जागच्या जागी बदलली. वरून फुटके कवेलू शोधायचे तर खालून कोणीतरी माळ्यावर बसून, उजेड दिसतो तिथून काडी वर काढावी लागते. ती काडी पाहून वरचा माणूस हात घालतो. माझ्यासाठी खाली कोण बसणार होते? मी अंदाजाने सागाची पाने सारली, पोते अंथरले, वर दगड ठेवले. कवेलू काढून वरूनच पोती उचलावी, असेही मनात आले. पण मग छप्पर उघडे पडले असते आणि उरलेला पाऊस थेट तिच्या अंगावर गेला असता. लहानू चिंचेखाली उभा राहून सांगत होता, "डावीकडं सरक, डावीकडं. अरे, तुहं डावीकडं, माहं नाई!" तास-दीड तासाने मी उतरलो. फुटके कवेलू सापडले नव्हते. ते कुठे होते, हे पुढे छप्पर उतरवल्यावर कळले: पोत्यांपासून चार हात वर, छपराच्या माथ्यावरच्या मगरीजवळ. वानराच्या उडीने गेलेले, अर्ध्या पंजाएवढे भोक. तिथून पाणी वाशावरून ओघळत खाली येत होते आणि सरकी ते निमूट पीत होती.

नवव्या दिवशी दुपारी, जेवणे उरकली होती, आणि आतून शांताचा आवाज आला. ओरडली नाही ती. तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दादा, माह्या गोधडीवर माती पडून राह्यली."

मी दार ढकलले. माय आडवी आली, "थांब!" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हाताने बाजूला केले.

नऊ दिवसांनी मी ते छत पाहत होतो. तिसऱ्या आणि चौथ्या दांडीमधला भाग गाभण गाईच्या पोटासारखा खाली आला होता. काजळीला भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या आत ताजी पिवळी माती दिसत होती. त्या पोटाच्या बरोबर खाली शांता होती, तिच्या कुशीत पोरगी. खोलीच्या कोपऱ्यात लंगोट वाळत घालायचा बांबू होता. मी तो ओढला, फडकी खाली पडली, आणि बांबूचे टोक त्या फुगवट्याला लावून दुसरे टोक जमिनीत रोवले.

"पोरीले घ्या," मी म्हणालो.

"पोरीले घ्या आंधी," शांताही म्हणाली.

मायने विमलला उचलले, पदराखाली घेतले आणि ती बाहेर गेली. दाई शांताला उठवायला वळली. नऊ दिवसांची अंथरुणावरची बाई. तिला बसते करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ हवा होता. माझी दोन्ही हातांची पकड बांबूवर होती. बांबूवरून कोमट पाणी ओघळून माझ्या कोपरांपर्यंत येत होते. मी हलू शकत नव्हतो, तिला हात देऊ शकत नव्हतो; छत सोडले तर ते पडणार, न सोडले तर दाई एकटीच. आणि मग बांबूच्या टोकाभोवतीची माती सैल झाली. तो क्षण मी हजार वेळा पाहिला आहे. बांबू छताच्या आत जात होता. पण बांबू वर गेला की छत खाली आले, हे डोळ्यांना सांगता येत नाही. दोन्हींचे दिसणे एकच आहे.

दाई भिंतीकडे फेकली गेली आणि वाचली. चौथी दांडी शांताच्या डाव्या मांडीवर आडवी पडली.

मी हातांनी उकरत होतो. माती थंड होती आणि सरकी गरम. भिजून, आंबून, आतल्या आत तापलेली. तिच्यातून वाफ निघत होती. बाहेर नऊ दिवसांचा गार पाऊस आणि माझ्या हातांत ती जिवंत अंगासारखी ऊब. तेव्हापासून मी गव्हाणीत हात घातलेला नाही. नाल्याला पूर होता, गाडी दोन दिवस आर्वीला जाऊ शकली नाही. तोवर पाय सुजून हाड सरकून बसले होते, आणि जसे बसले तसेच राहिले.

लहानूने सांगायला सुरुवात केली ती त्याच आठवड्यात. तो अंगणात होता. त्याने पाहिले ते एवढेच: मास्तर बांबू घेऊन आत गेला आणि छत पडले. त्यावरून त्याने गोष्ट रचली, गावाने ती उचलली, आणि ती लग्नाकार्यांतून फिरत फिरत विमलच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. मी प्रत्येकाशी भांडलो. लहानूशी अकरा वर्षे बोललो नाही. तो वारला तेव्हा तिरडीला खांदा दिला, पण मनात म्हटले, तू खोलीत नव्हतास.

या सगळ्यांत कोणीही मला विचारले नाही, अशी एक गोष्ट आहे. छताला टेकू द्यायचा, तर बांबूच्या टोकावर आडवी फळी ठेवावी लागते. नुसते टोक ओल्या मातीत भाल्यासारखे शिरते. फळी असली की भार पसरतो. हे मला तेव्हा ठाऊक होते. शाळेच्या पडवीला मी स्वतः तसा टेकू दिला होता. आणि त्या खोलीत, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, दाईचा बसायचा पाट होता. मी तो पाहिला होता. वाकून उचलायला दोन क्षण लागले असते. ते दोन क्षण आहेत असे मला वाटले नाही. होते की नव्हते, हे मी कोणाशी भांडून ठरवू? लोक माझ्यावर जो आरोप करतात, त्याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. हा आरोप ते करीतच नाहीत.

खोलीत छताकडे तोंड करून होती ती एकटी शांता. उताणी, हलता न येणारी. तिच्या डोळ्यांसमोर दुसरे काही नव्हतेच. छत सुटले ते बांबू आत शिरण्याआधी की नंतर, हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्या माणसाला मी चाळीसहून अधिक वर्षे विचारले नाही. ती समुद्रपूरला परत गेली. काठी टेकत संसार केला, शेत केले, विमलला शिकवले. राखीला मी जायचो. ती दारापर्यंत येताना तिच्या काठीचा आवाज आधी यायचा. आम्ही पिकाबद्दल बोलायचो, पोरांबद्दल बोलायचो, अगदी त्या वर्षाच्या झडीबद्दलही बोलायचो; पण बोलणे मधल्या खोलीच्या दाराशी आले की दोघेही वळायचो. लोकांशी भांडायला मी कधी घाबरलो नाही. हिच्याशी भांडता आले नसते. ती जे म्हणेल तेच खरे मानावे लागले असते.

तिच्या शेवटच्या आजारपणाआधीच्या श्रावणात मी गेलो होतो. ती ओसरीत सांभाराची जुडी घेऊन काड्या वेगळ्या करीत बसली होती. बाहेर झड होती. मी बसलो, आणि कसे कोण जाणे, विचारून गेलो.

"शांते, त्या दिवशी छत आंधी सुटलं होतं का माह्या बांबूनं सुटलं?"

तिचे हात थांबले नाहीत. "इतक्या वर्षानं इचारून राह्यला?"

"तू पाह्यत होती. वरच पाह्यत होती तू."

"नाई," ती म्हणाली.

"नाई म्हंजे?"

"म्या डोये मिटले होते, दादा. पोरीले मायनं उचललं, तवा म्या तुह्याकडं पाह्यलं. तुह्या हाताले कापरं सुटलं होतं. सारा बांबू लटलट हालत होता. ते मले पाह्यवलं नाई, म्हनून म्या मिटून घेतले."

ती जुडी संपली. तिने दुसरी उचलली आणि सोडून अर्धी माझ्यापुढे सरकवली. मी काड्या वेगळ्या करू लागलो. पाने एकीकडे, देठ एकीकडे; तिच्या लक्षात आले असेल की माझ्याकडून नीट होत नव्हते, कारण थोड्या वेळाने तिने माझ्या पुढ्यातली जुडी परत घेतली.